गॅस पूर्ण जळणं वेगळं आणि उष्णता कामी येणं वेगळं: बर्नरच्या दोन कार्यक्षमता

गॅसचा बर्नर सुधारायचं म्हटलं की पहिली चर्चा कार्यक्षमतेची होते, आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो. कारण बर्नरला कार्यक्षमता एक नसते, दोन असतात. गॅसमधल्या ऊर्जेपैकी किती जळून मोकळी झाली, हे सांगते ती ज्वलनाची कार्यक्षमता. त्यातली किती आपल्या कामी आली, म्हणजे शेगडीवर भांड्यात किंवा हिटरमधून खोलीत पोचली, हे सांगते ती औष्णिक कार्यक्षमता. दोन्ही टक्क्यांत मोजतात, दोन्ही जास्त असलेल्या बऱ्या, त्यामुळे एकीचा आकडा दुसरीच्या नावावर सर्रास खपतो. पण या दोघींतल्या एका टक्क्याची किंमत सारखी नाही, आणि एक वाढवायला जावं तर दुसरी घसरते, हे बर्नरच्या कामात पदोपदी दिसतं.

आधी ज्योत जवळून बघू. बर्नरच्या प्रत्येक छिद्रावर आत एक लहान, गडद निळसर, टोकदार शंकू दिसतो. त्याच्याभोवती फिकट, जेमतेम दिसणारं निळं आवरण असतं. दोन्हींचं काम वेगळं आहे. जेटमधून, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडातून, वेगाने सुटलेला गॅस बाजूची हवा आपल्यासोबत ओढतो आणि नळीत तिच्याशी मिसळतो. ही प्राथमिक हवा. जळण्याआधीच हवा मिसळण्याची ही पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी १८५५च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये पीटर डेसागा या कारागिराच्या मदतीने प्रयोगशाळेच्या दिव्यात पक्की केली, आणि घरगुती शेगडीचा बर्नर आजही मुळात त्याच वळणाचा आहे. मिथेनच्या (नैसर्गिक वायूतला मुख्य घटक) एका घनफळाला पूर्ण जळायला हवेची साधारण ९.५ घनफळं लागतात, प्रोपेनला (एलपीजीतला एक मुख्य घटक) जवळपास २४. नेहमीच्या शेगडीच्या बर्नरमध्ये यातली निम्म्याच्या आसपास हवा नळीतून येते. उरलेली, म्हणजे दुय्यम हवा, ज्योतीला बाहेरून मिळवावी लागते.

आतल्या शंकूत गॅसचे रेणू तुटतात आणि बराचसा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो. म्हणजे प्रत्येक चांगल्या, निरोगी ज्योतीच्या पोटात कार्बन मोनॉक्साइड असतोच. तो पुढे बाहेरच्या फिकट आवरणात, दुय्यम हवा मिळाल्यावर, जळून कार्बन डायऑक्साइड होतो. त्यासाठी हवा पुरेशी लागते, वेळ लागतो आणि उष्णता लागते. साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या खाली ही क्रिया इतकी मंदावते की जवळजवळ थांबतेच. आता पाण्याने भरलेल्या भांड्याचा तळ शंभर अंशांच्या थोडाच वर असतो. ज्योतीचं बाहेरचं आवरण त्याला भिडलं की तिथल्या तिथे थंड पडतं आणि जळायचा राहिलेला कार्बन मोनॉक्साइड तसाच भांड्याच्या कडेने खोलीत निसटतो.

हे होत असताना ज्योत निळीच दिसते. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडली आणि काजळीचे कण तापून चमकायला लागले. तिथे बिघाड डोळ्यांना दिसतो, भांडंही काळं होतं. पण निळी ज्योत म्हणजे सगळं ठीक, हा समज धोक्याचा आहे. भांड्यावर आदळून विझणारी ज्योत स्वच्छ निळी असते, भांडं चकचकीत राहतं, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर ना रंग ना वास.

मग ज्वलनाच्या कार्यक्षमतेत हा बिघाड किती दिसेल? इथे आकडेमोड करून बघण्यासारखी आहे. समजा एक बर्नर इतका वाईट आहे की मिथेनमधल्या कार्बनपैकी २% कार्बन मोनॉक्साइडवरच अडकतो. एक मोल (रेणूंची एक ठरावीक संख्या) मिथेन पूर्ण जळाला तर सुमारे ८०२ किलोज्यूल मिळतात. एक मोल कार्बन मोनॉक्साइडमध्ये न जळता राहिलेली ऊर्जा २८३ किलोज्यूल. म्हणजे तोटा झाला ०.७ टक्क्यांचा. बर्नरची ज्वलन-कार्यक्षमता ९९.३%! कागदावर हा आकडा बघून कोणीही समाधानाने मान डोलावेल.

आता हाच बर्नर २ किलोवॉटवर तासभर चालू ठेवा. जवळपास ९ मोल मिथेन जळेल आणि ५ ग्रॅमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडेल. खोली ३० घनमीटरची असेल आणि हवा अजिबात बदलली नाही, तर तासाअखेरीस प्रत्येक घनमीटरमध्ये १६० मिलिग्रॅमच्या वर, आणि त्या तासाची सरासरी ८०च्या घरात. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी एका तासाच्या सरासरीची घातलेली मर्यादा ३५ मिलिग्रॅम आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. म्हणून ज्वलनाच्या कार्यक्षमतेचा शेवटचा एक टक्का हा इंधन बचतीचा विषयच नाही, तो जिवाचा विषय आहे. बर्नर तपासणारे लोक हा टक्का बघतही नाहीत. ते धुरातलं, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूंतलं, कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचं गुणोत्तर बघतात. मला तेच योग्य वाटतं.

औष्णिक कार्यक्षमतेचं गणित सरळ आहे. भांड्यात २ किलो पाणी घ्या आणि ते २५ अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापवा. पाण्यात गेलेली उष्णता सुमारे ५४४ किलोज्यूल. तेवढ्या वेळात टाकीचं वजन समजा २० ग्रॅमने कमी झालं. एलपीजीच्या एका किलोत ४६ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे ९२० किलोज्यूल खर्च झाले. कार्यक्षमता ५९%. भांड्याच्या धातूने घेतलेली थोडी उष्णता यात मिळवायची, एवढंच. बाकीची उष्णता जाते ती भांड्याच्या कडेने वर निसटणाऱ्या गरम वायूंबरोबर, आणि थोडी स्टँड आणि शेगडीचा पत्रा तापवण्यात. इथे हरवलेले टक्के मोठे आहेत, तीस-चाळीस, पण ते फक्त पैशाचे आणि इंधनाचे आहेत. कोणाचा श्वास त्यांनी कोंडत नाही.

सुधारणेचा मोह साहजिकच या मोठ्या आकड्याकडे ओढतो. आणि सगळ्यात सोपा उपाय असतो भांडं खाली आणण्याचा. स्टँड काही मिलिमीटर बुटका केला की गरम वायू तळाला जवळून घासतात, पाणी लवकर उकळतं, औष्णिक कार्यक्षमता वाढते. त्याच वेळी ज्योतीचं बाहेरचं आवरण अर्धवट असतानाच थंड तळावर आदळतं. पाण्याची चाचणी म्हणते बर्नर सुधारला. धुराची चाचणी म्हणते बिघडला. दोन्ही खरं बोलतात. बर्नरभोवती वारा अडवणारं कडं बसवलं तरी तोच प्रकार. गरम वायू भांड्यालगत कोंडतात हे चांगलं, पण कडं खालपर्यंत बंद असेल तर दुय्यम हवेची वाटच अडते. कडं बसवायचंच तर खालून हवा यायला फट ठेवावी आणि प्रत्येक बदलानंतर धूर मोजावा. खूप मोठं, रुंद तळाचं भांडंही नकळत हेच करतं.

प्राथमिक हवा वाढवणं हा त्यामानाने बरा रस्ता. जेटच्या जोराने हवा जास्त ओढली गेली की ज्योत आखूड आणि कडक होते, भांड्याला भिडायच्या आत तिचं बरंचसं काम उरकतं, आणि मग भांडं थोडं जवळ आणता येतं. मर्यादा अशी की मिश्रणाचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा फार वाढला तर ज्योत छिद्रावरून उचलली जाते आणि फडफडते. वेग फार कमी झाला तर ती मागे सरकून नळीत शिरते. मिथेन आणि हवेच्या मिश्रणात ज्योत सेकंदाला साधारण ०.४ मीटर वेगाने सरकते. हायड्रोजनमध्ये हा वेग कित्येक पट असतो, म्हणून नैसर्गिक वायूसाठी बनवलेला बर्नर हायड्रोजनला तसाच चालत नाही. छिद्रं तिरकी करून ज्योतीला गोल फिरवणं हाही एक चांगला उपाय आहे: वायू तळाखाली जास्त वेळ रेंगाळतात, त्यामुळे उष्णताही जास्त देतात. फक्त तिथेही भांड्याचं अंतर नव्याने ठरवावं लागतं. जुन्या बर्नरचा स्टँड तसाच ठेवून फक्त वरची टोपी बदलणं मला अर्धवट काम वाटतं.

हिटरमध्ये हीच ओढाताण वेगळ्या रूपात दिसते. धुराडं असलेल्या हिटरला गरजेपेक्षा थोडी जास्त हवा द्यावीच लागते, नाहीतर काही गॅस अर्धवट जळतो. पण जास्तीची हवा फुकट तापून धुराड्यातून उष्णता घेऊन जाते. हवा कमी करत गेलं की औष्णिक कार्यक्षमता हळूहळू चढते, आणि एका टप्प्यानंतर कार्बन मोनॉक्साइड एकदम उसळतो. चांगली जुळणी त्या टप्प्याच्या अलीकडे, थोडं अंतर राखून केलेली असते. इथे एक सावधगिरी: धुराडं तपासायच्या यंत्रावर ‘ज्वलनाची कार्यक्षमता’ म्हणून जो आकडा येतो तो बहुधा शंभरातून धुराड्यातला तोटा वजा करून काढलेला असतो. म्हणजे नाव पहिलीचं आणि माप दुसरीच्या जवळचं. शेजारीच कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असतो, तो वेगळा वाचावा.

बिनधुराड्याच्या हिटरची जाहिरात जवळपास १००% कार्यक्षमतेची असते, आणि तो दावा खोटा नसतो. सगळी उष्णता खोलीतच राहते. पण धूरही खोलीतच राहतो. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून खाली येत जातो, आणि जसा तो कमी होतो तसं सकाळी उत्तम चाललेलं ज्वलनही बिघडत जातं. म्हणून अशा चांगल्या हिटरमध्ये ऑक्सिजन १८ टक्क्यांपर्यंत उतरण्याच्या आत पायलट ज्योत (कायम पेटती ठेवलेली लहान ज्योत) विझून गॅस बंद होण्याची सोय असते. ती असली तरी हवा खेळती ठेवावीच लागते, आणि मग आत येणारी थंड हवा तापवण्यात ते शंभर टक्के कमी होतात.

दोन्ही बाजू एकदम सुधारणारी रचना आहे का? बऱ्याच अंशी आहे: सिरॅमिकच्या सच्छिद्र फरशीचा बर्नर. त्यात जवळजवळ सगळी हवा आधीच मिसळलेली असते आणि गॅस फरशीच्या पृष्ठभागालगत जळतो. पृष्ठभाग ९०० अंशांच्या आसपास लाल तापतो आणि उष्णतेचा मोठा भाग प्रारणाने भांड्याकडे जातो. दुय्यम हवेची गरज फारशी नसते, भांड्यावर आदळून विझायला लांब ज्योतही नसते. ज्योतीचं कमाल तापमान उतरल्याने नायट्रोजनची ऑक्साइडंही कमी बनतात. फरशीची छिद्रं साधारण एक मिलिमीटरची असतात, कारण दोन मिलिमीटरहून अरुंद वाटेतून मिथेनची ज्योत मागे जाऊ शकत नाही. भिंती तिला थंड करून विझवतात. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८१५मध्ये खाणीतल्या दिव्याला बारीक जाळी लावली ती याच तत्त्वावर. दोष आहेत: फरशी ठिसूळ, उतू गेलेल्या पदार्थाने छिद्रं बुजतात, आच फार कमी-जास्त करता येत नाही, आणि सगळी हवा नुसत्या जेटच्या जोरावर ओढून घेणं अवघड असल्याने पुष्कळदा पंखा लागतो.

बर्नर निवडायचा असो की बनवायचा, दोन्ही आकडे एकाच चाचणीतले हवेत: तेच भांडं, तीच उंची, तोच गॅसचा दाब, वर पाण्याचं तापमान आणि कडेला धुराचा नमुना. पाण्याची चाचणी एका उंचीवर आणि धुराची दुसऱ्या उंचीवर केली असेल, तर त्या दोन आकड्यांवरून त्या बर्नरबद्दल काहीच ठरवता येत नाही. आणि चाचणी मोठ्या आचेबरोबर मंद आचेवरही करावी, कारण मंद आचेवर जेट हवा कमी ओढतो आणि मोठ्या आचेवर दुय्यम हवा अपुरी पडते. दोन टोकांना बिघाडाची कारणं वेगळी असतात.