ईश्वरस्वरूप : विज्ञान आणि शास्त्र (बेळगाव सीमाभाग)

ईश्वरस्वरूप, विज्ञान व शास्त्र : ईश्वर कसा आहे, त्याने जग निर्माण केले की जग आपोआप आहे, तो सगुण की निर्गुण, आणि हे ठरवायचे कशाच्या आधाराने, या प्रश्नांचा उलगडा विज्ञान आणि धर्मग्रंथ मिळून करू शकतात का, याविषयीची विचारपरंपरा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कारवार, हल्याळ, भालकी, बसवकल्याण या कर्नाटकातल्या सीमाभागात मराठी माणूस वारकरी, दत्तसंप्रदायी, लिंगायत, जैन आणि मुसलमान यांच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहतो. एकाच गल्लीत जगाला कर्ता आहे म्हणणारे आणि नाही म्हणणारे असे दोन्ही धर्म नांदत असल्यामुळे इथे हा प्रश्न निव्वळ पोथीतला राहिलेला नाही.

प्रथम शब्द पाहू. मराठीत ‘शास्त्र’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. भौतिकशास्त्र हेही शास्त्र आणि धर्मशास्त्र हेही शास्त्र. लग्नात हळदीच्या वेळी आजी म्हणते, ‘शास्त्र असतं ते’. जेवायला नको म्हणणाऱ्या पाहुण्याला आग्रह होतो, ‘शास्त्रापुरता एक घास घ्या’. कानडीत ‘शास्त्र हेळुवुदु’ म्हणजे चक्क भविष्य सांगणे. सीमाभागातल्या माणसाच्या तोंडी हे सगळे अर्थ एकत्र असतात. ‘दोन्ही शास्त्रे एकच सांगतात’ हे वाक्य इथे इतक्या सहज उच्चारले जाते, त्याचे एक कारण या शब्दात आहे.

भारतीय दर्शनांत हा विषय प्रमाणविचाराखाली येतो. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही ज्ञानाची मुख्य साधने. शब्द म्हणजे वेदादी आप्तवचन. शब्दाचे काम काय, यावर शंकराचार्यांची भूमिका आजच्या वादातही उपयोगी पडते. गीतेच्या अठराव्या अध्यायातील ६६ व्या श्लोकावरील भाष्यात ते म्हणतात की, अग्नी थंड आहे किंवा अग्नी प्रकाश देत नाही असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण होत नाही. जे डोळ्यांनी आणि अनुमानाने कळते त्यात श्रुतीने बोलू नये. जे त्यांना कळत नाही तेवढेच तिने सांगावे. अग्नीच्या बाबतीत साक्ष कोणाची घ्यायची, हे आचार्यांनी प्रयोगशाळा जन्मण्याच्या कितीतरी आधी ठरवून दिले होते. धर्मग्रंथाच्या बाजूने उभे राहणाऱ्या प्रत्येकाने हे भाष्य वाचावे असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

ज्योतिषाचार्य भास्कराचार्य (दुसरे) यांनी ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’त हेच काम पुराणांच्या बाबतीत केले. पृथ्वीला शेष किंवा दिग्गज यांनी तोलून धरले असेल, तर त्या धारकाला दुसरा धारक हवा, त्याला तिसरा. याला अंत नाही. शेवटच्याने स्वतःच्या शक्तीने उभे राहायचे असेल, तर पहिल्यालाच, म्हणजे पृथ्वीलाच ती शक्ती का मानू नये? भास्कराचार्य देव मानणारे होते. तरीही देवाच्या नावाने चाललेला एक भौगोलिक समज त्यांनी तर्काने बाजूला केला आणि त्यात त्यांना अधर्म दिसला नाही.

जैन विचार. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे काळ्या दगडाचे जिनालय रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये बांधले. आत नेमिनाथांची मूर्ती आहे. (या भागात जैन मंदिराला बस्ती म्हणतात.) निपाणीजवळचे स्तवनिधी हे क्षेत्र, आधुनिक दिगंबर मुनिपरंपरेचे पुनरुज्जीवन करणाऱ्या आचार्य शांतिसागरांचे भोज आणि आचार्य विद्यासागर यांचे जन्मगाव सदलगा (जन्म १९४६) ही सारी याच पट्ट्यातली. ईश्वरस्वरूपाच्या चर्चेत जैनांना वगळून सीमाभागाविषयी काहीच बोलता येत नाही, कारण त्यांच्या मते जग अनादी-अनंत आहे आणि त्याला कर्ता नाही. पूज्य आहे तो कर्ममुक्त झालेला जीव. म्हणजे ‘विज्ञानाला निर्माता सापडला नाही’ या वाक्याने जैन श्रावकाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. त्याच्या शास्त्राने तो कधी मानलाच नव्हता. देव म्हणजे जगाचा कारागीर, एवढीच कल्पना धरून जे वाद घालतात त्यांनी बस्तीच्या पायरीवर क्षणभर थांबावे.

जैन तत्त्वज्ञानाने दिलेली दुसरी देणगी अनेकान्तवाद. वस्तूला अनंत धर्म असतात, म्हणून प्रत्येक विधानाआधी ‘स्यात्’ म्हणजे ‘एका अपेक्षेने’ हे लावायचे. मात्र याच परंपरेत एक सावधगिरीची गोष्टही घडली. जीव आणि पुद्गल (जडद्रव्य) यांना हालचालीसाठी आधार देणारे ‘धर्म’ नावाचे द्रव्य जैन ग्रंथांत सांगितले आहे. विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी ते म्हणजेच पाश्चात्त्य भौतिकीतील ‘ईथर’, म्हणजे प्रकाश ज्यातून वाहतो असे मानलेले माध्यम, असे जाहीर केले. मायकेलसन आणि मोर्ली यांच्या १८८७ च्या प्रयोगात ईथरचा मागमूस लागला नव्हता आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताने त्याची गरजच उरू दिली नाही. ईथर गेले, धर्मद्रव्याचा विचार आपल्या जागी तसाच आहे. ज्यांनी दोहोंची गाठ मारली त्यांना मात्र ती सोडवत बसावी लागली.

लिंगायत आणि दत्त परंपरा. बसवकल्याण ही बाराव्या शतकातील शरणांच्या (बसवेश्वरांच्या परंपरेतील भक्तांच्या) अनुभवमंटपाची, म्हणजे धर्मचर्चेच्या सभेची, भूमी. ‘अनुभव’ हा शब्द तिथे सभेच्या नावातच आहे. हातावरचे इष्टलिंग दृष्टी स्थिर करण्याचे साधन आणि उपास्यही. जवळच्याच हुमनाबादचे श्री माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी सकलमत संप्रदाय स्थापला. कोणतेही मत खोडून न काढता सर्व मतांतून एकाच चैतन्याची उपासना, हे त्याचे सूत्र. बेळगावजवळच्या बाळेकुंद्रीचे श्री पंतमहाराज (१८५५–१९०५) हे पेशाने शिक्षक. कर्नाटकात राहून त्यांनी रचलेली मराठी पदे आजही पंतांच्या उत्सवात गायली जातात. या तिघांचे वैज्ञानिक प्रश्नांशी थेट नाते नाही. पण स्वानुभवाशिवाय ईश्वराविषयीचे बोलणे पोकळ, हा तिघांचा आग्रह एकच आहे.

विवेकानंदांचा मुक्काम. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले. आधी भाटे वकिलांकडे आणि मग हरिपद मित्र या बंगाली वनअधिकाऱ्याकडे ते राहिले. मित्र शंकेखोर स्वभावाचे. धर्म परस्परविरुद्ध गोष्टी सांगत असतील तर सगळे खरे कसे, असे त्यांना वाटे. अशा प्रश्नाला विवेकानंद सूर्याच्या छायाचित्रांचा दाखला देत. सूर्याकडे जाणाऱ्या प्रवाशाने वाटेत टप्प्याटप्प्यावर छायाचित्रे घेतली तर एकही दुसऱ्यासारखे येणार नाही, पण सूर्य एकच. पुढे अमेरिकेत त्यांची निकोला टेस्ला यांच्याशी भेट झाली. बल आणि जडद्रव्य ही दोन्ही एकाच सुप्त ऊर्जेची रूपे आहेत हे टेस्ला गणिताने दाखवतील आणि मग वेदान्ताचे विश्वशास्त्र भक्कम पायावर उभे राहील, अशी आशा स्वामीजींनी फेब्रुवारी १८९६ च्या एका पत्रात लिहिली. टेस्लांकडून ते गणित आले नाही. पुढे आइन्स्टाइनने वस्तुमान आणि ऊर्जा यांचे नाते मांडले, तेव्हा ‘स्वामीजींचे खरे ठरले’ असे अनेक भक्त म्हणू लागले. पण त्या समीकरणात वस्तुमान, ऊर्जा आणि प्रकाशवेग आहेत; वेदान्ताच्या विश्वशास्त्रातले प्राण आणि आकाश नाहीत. विवेकानंदांची थोरवी त्या समीकरणावर टेकलेली नाही, म्हणून ती त्याच्यावर टेकवूही नये.

टिळकांची मांडणी. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना बेळगावात केली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले होते. त्यातील ‘विश्वाची उभारणी व संहारणी’ या प्रकरणात सांख्यांचा सृष्टिक्रम डार्विन-हेकेल यांच्या उत्क्रांतिवादाशेजारी ठेवून पाहिला आहे. टिळकांनी दोहोंतले साम्य दाखवले. पण हेकेलचे जडाद्वैत, म्हणजे सारे काही एका जडातूनच झाले हे मत, पत्करले नाही. आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक अशा तीन पद्धतींनी एकाच वस्तूचा विचार होतो, हे त्यांचे विभाजन या विषयावरील मराठी लेखनातले सर्वांत कामाचे अवजार आहे. सूर्य पदार्थांचा गोळा म्हणून, देवता म्हणून आणि मूळ तत्त्वाचे रूप म्हणून वेगवेगळा पाहता येतो. एका पद्धतीचे उत्तर दुसरीच्या खात्यावर जमा होत नाही.

जुळवाजुळवीचे प्रकार. हरिनाम सप्ताहाच्या कीर्तनांत आणि गावगप्पांत काही दावे वारंवार कानी पडतात. पहिला ज्ञानेश्वरीतला. चौथ्या अध्यायात ‘उदोअस्ताचेनि प्रमाणें । जैसें न चालतां सूर्याचें चालणें’ अशी ओवी आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची, कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ चा. म्हणून माउलींनी अडीचशे वर्षे आधी विज्ञान सांगितले, असे म्हणतात. याच ओवीच्या मागेपुढे नावेत बसलेल्याला काठावरची झाडे पळताना दिसतात असा दृष्टान्त आहे, आणि नावेचाच दृष्टान्त आर्यभटाने ४९९ मध्ये पृथ्वीच्या फिरण्यासाठी वापरला होता. ज्योतिषातला दाखला संताच्या वाणीत यावा ही आनंदाची गोष्ट आहे. पण माउलींना तिथे सांगायचे आहे ते कर्म करीत असताही अकर्ता कसा राहतो, हे. ओवी वेधशाळेकडे ओढत नेली की तिचा हा अर्थ हातचा जातो.

दुसरा दावा कल्पाचा. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. म्हणून दोन्ही एकच. यात एक गोष्ट विसरली जाते. पूजेच्या संकल्पात आपण ‘श्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे’ म्हणतो आणि पंचांगाच्या गणिताप्रमाणे या कल्पाची आतापर्यंत सुमारे १९७ कोटी वर्षेच सरली आहेत. म्हणजे पृथ्वीचे वय पंचांगाशी ताडायचे तर या आकड्याशी ताडावे लागेल, आणि तिथे मेळ बसत नाही. पृथ्वीचे वय युगांच्या गुणाकाराने निघालेले नाही. उल्कांतील शिशाच्या समस्थानिकांवरून क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये ते काढले. काळ मोजण्याची ही खूण इथल्या जमिनीतही आहे. बेळगाव शहराखालचा काळा पाषाण दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि घटप्रभेने गोकाकला जिच्यावरून ५२ मीटर उडी घेतली आहे ती वालुकाश्माची कड त्याहून कितीतरी पुरातन. गोकाकच्या धबधब्यापाशी उभे राहिलेल्या माणसाला काळाचा अफाटपणा जाणवतो. त्या जाणिवेला कल्प हा शब्द फार शोभतो. मापन म्हणून तो चालत नाही.

तिसरा, ‘देवकणा’चा. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा झाली तेव्हा मराठी बातम्यांतून हा शब्द घरोघरी पोचला. तो कण मूलकणांना वस्तुमान कसे मिळते याच्याशी संबंधित आहे. देवाशी त्याचे नाते केवळ एका लोकप्रिय टोपणनावाचे.

ही धडपड एकट्या हिंदूंची नाही. महास्फोट (बिग बँग) सिद्धान्ताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धान्तात ईश्वरी सृजनाची खूण पाहिली, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धान्त कोणत्याही धर्मप्रश्नाच्या बाहेरचा आहे, असे ते मानत. श्रद्धावंत वैज्ञानिकाने घातलेली ही मर्यादा शंकराचार्यांच्या अग्नीच्या दाखल्याशी किती जवळची आहे, हे जाणवल्याशिवाय राहत नाही.

जट. दोन्ही शास्त्रे खरोखर मिळून काम करतात ती जागा सौंदत्तीच्या वाटेवर आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर, सांगलीपासून गाड्या भरून माणसे जातात, भंडारा उधळतात, ‘उदं गं आई उदं’ म्हणतात. मुलीच्या केसांत गुंता होऊन जट आली की ते देवीचे बोलावणे मानून तिला देवीला सोडण्याची रूढी होती. कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. विंचरणे, धुणे थांबले, तेल आणि धूळ साचली की केस एकमेकांत गुंततात, त्यात दैवी काही नाही, हे वैद्यकाने सांगितले. आणि एखाद्या मुलीचे आयुष्य असे वाहून टाकावे याला उपनिषदांत वा गीतेत आधार नाही, हे शास्त्र उघडून पाहणाऱ्याला दिसते. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अंधश्रद्धा निर्मूलन कार्यकर्त्यांनी बायकांच्या शेजारी बसून, त्यांचे भय ऐकून घेऊन जटा कापल्या. ‘नेति नेति’ म्हणजे हे नव्हे, हे नव्हे, या बृहदारण्यकातल्या वचनाचा इतका प्रत्यक्ष अर्थ दुसरीकडे क्वचितच दिसतो. जट देवी नव्हे हे कळल्यावरही त्यांपैकी कोणी डोंगरावर जात राहिली, तर तिच्या हात जोडण्याविषयी केसांच्या तपासणीतून काही निष्पन्न होत नाही.

‘कानडा हो विठ्ठलु’. मराठी आणि कानडी यांच्या सीमेवर हा अभंग गाताना लोकांना तो आपल्या घरचा वाटतो. ‘कानडा’ म्हणजे कर्नाटकातला, आणि ‘कानडा’ म्हणजे न कळणारा, असे दोन्ही अर्थ लावले जातात. ‘शब्देंवीण संवादु’ म्हणत तो सुरू राहतो आणि परेच्याही (वाणीच्या सर्वांत सूक्ष्म रूपाच्याही) पलीकडे बोलणे खुंटल्यावर वैखरीने, म्हणजे उच्चारलेल्या वाणीने, काय सांगावे, असे विचारतो. मग दर्शनाचीच अडचण येते. पाया पडायला जावे तर पाऊलच दिसत नाही. तो समोर आहे की पाठमोरा, हे कळत नाही. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तिन्ही साधने इथे एकेक करून गळतात. शेवटी मिठी मारायला बाहू पुढे होतात, आणि अभंगात स्त्रीरूपाने बोलणारा भक्त सांगतो, ‘क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली’.