वाटसरूसाठी बांधलेले घर: आर्मेनियातील पाहुणचाराची पार्श्वभूमी

आर्मेनियात फिरून आलेल्या माणसाच्या बोलण्यात एक अनुभव हमखास येतो, तो असा की रस्ता विचारायला म्हणून एखाद्या दारापाशी थांबावे, घरच्या बाईने कॉफी ठेवावी, कॉफीसोबत जर्दाळू आणि अक्रोड यावेत, आणि निघू म्हणेपर्यंत जेवणाचे ताट समोर आलेले असावे. या अगत्याचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा ‘तिथली माणसेच प्रेमळ’ एवढ्या एका वाक्यात उरकले जाते. माणसे प्रेमळ आहेतच. पण हे अगत्य केवळ स्वभावातून आलेले नाही. डोंगराळ मुलूख, सहा-सहा महिने न वितळणारे बर्फ, खिंडींतून जाणारे व्यापारी मार्ग आणि वारंवार वाट्याला आलेले स्थलांतर यांनी ते घडवले आहे, आणि त्याच्या खुणा तिथल्या भाषेत, दगडांत आणि भाकरीत आजही दिसतात.

सुरुवात भाषेपासून करणे सोयीचे आहे. आर्मेनियन भाषेत ‘वान’ या जुन्या शब्दाचा अर्थ मुक्कामाची जागा, निवारा. डोंगरकड्यांवर उभ्या असलेल्या ज्या मठांसाठी हा देश प्रसिद्ध आहे, त्यांना ‘वांक’ म्हणतात आणि तो शब्द याच मुळातून आला आहे. देशाच्या ईशान्येकडील एका शहराचे नाव इजेवान आहे. त्याचा अर्थच मुळी ‘वाटसरूने उतरण्याची जागा’ असा होतो, आणि पूर्वी ते कारवांसराय याच अर्थाच्या नावाने ओळखले जात असे. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी या प्रदेशात वानातूर, म्हणजे ‘निवारा देणारा’, या नावाने एका देवाची पूजा होत होती. नवासार्द या नववर्षाच्या सणाशी, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस नवे पीक हाती येण्याच्या दिवसांशी, त्याचे नाव जोडलेले होते. निवारा देण्याच्या कृतीसाठी स्वतंत्र देव असणे मला फार महत्त्वाचे वाटते.

या पाहुणचाराचे सर्वांत जुने आणि सर्वांत जिवंत वर्णन एका ग्रीक सेनानीचे आहे. इ.स.पू. 401 च्या हिवाळ्यात झेनोफोन आणि त्याचे हजारो ग्रीक सैनिक पर्शियातील फसलेल्या मोहिमेनंतर आर्मेनियाच्या पठारावरून समुद्राकडे निघाले होते. बर्फात माणसे आणि जनावरे मरत होती. अशा अवस्थेत त्यांना काही खेडी लागली. घरे जमिनीखाली होती. वरचे तोंड विहिरीसारखे अरुंद, आत मात्र ऐसपैस जागा. माणसे शिडीने उतरत आणि गुरांसाठी वेगळी उतरण खणलेली असे. ग्रीक जिथे जिथे गेले तिथे गावकऱ्यांनी त्यांना खाऊ घातल्याशिवाय सोडले नाही, आणि एकाच मेजावर कोकरू, करडू, डुक्कर, वासरू व कोंबडी यांचे मांस आणि गव्हाच्या व सातूच्या भाकऱ्या मांडल्या, असे झेनोफोन लिहितो. सातूची दारू मोठ्या भांड्यात असे, वर दाणे तरंगत असत आणि ती पोकळ वेताच्या नळीने ओढून प्यायची पद्धत होती. निरोप घेताना गावच्या मुखियाने पाहुण्यांना आणखी एक युक्ती शिकवली, ती अशी की घोड्यांच्या पायांना पिशव्या बांधाव्यात, म्हणजे ते बर्फात पोटापर्यंत रुतत नाहीत. याच मुखियाला पुढे ग्रीकांनी वाटाड्या म्हणून सोबत नेले आणि एका सेनापतीने रागाच्या भरात त्याला मारहाण केली. मुखिया रात्रीत निघून गेला, त्याचा मुलगा मात्र ग्रीकांकडेच राहिला. मुखियाला दिलेली ही वागणूक झेनोफोनला पटली नव्हती, आणि प्रवासात दोघा सेनापतींमध्ये झालेले भांडण हे एवढे एकच, असे तो नमूद करतो.

परंपरेनुसार इ.स. 301 मध्ये आर्मेनियाच्या राजाने ख्रिस्ती धर्माला राजधर्माचे स्थान दिले. त्यानंतर वानातूरचा सण संतांच्या स्मरणदिनात विलीन झाला, तरी निवारा देण्याचे काम थांबले नाही. ते चर्चकडे आले. चौथ्या शतकाच्या मध्यास, सुमारे 354 मध्ये, धर्मगुरू नेर्सेस यांनी अश्तिशात येथे धर्मसभा भरवली आणि आजारी, कुष्ठरोगी, अनाथ व परके वाटसरू यांच्यासाठी जागोजाग आश्रयस्थाने उभारण्याचा नियम घालून दिला. आजूबाजूच्या गावांनी या आश्रयस्थानांना धान्य पुरवायचे होते. परक्या माणसाला आसरा देणे ही ज्याच्या त्याच्या मर्जीची बाब न राहता समाजाची व्यवस्था झाली, ती इथून.

या व्यवस्थेचे रूप डोळ्यांनी पाहायचे असेल, तर दक्षिणेकडील वायोत्स झोर प्रांत आणि सेवान सरोवराचा प्रदेश यांच्यामधील खिंड गाठावी. तिथे सुमारे 2400 मीटर उंचीवर, काळ्या बेसॉल्टमध्ये बांधलेली सेलीमची कारवांसराय, म्हणजे व्यापारी तांड्यांची धर्मशाळा, उभी आहे. ती 1332 मध्ये ओर्बेल्यान घराण्यातील चेसार या सरदाराने बांधली. एकच दरवाजा, त्यावर कोरलेली जनावरे, आणि आत लांबट दालन, ज्याचे दगडी खांबांच्या दोन रांगांनी तीन भाग केले आहेत. मधल्या मोकळ्या भागात माणसांची वर्दळ. खांबांच्या मध्ये दगडी गव्हाणी, आणि बाजूच्या भागांत जनावरे. भिंतींना खिडक्या नाहीत, कारण बर्फाचा वारा आत येता कामा नये; छताला ठेवलेल्या भोकांतून उजेड खाली येई आणि धूर वर जाई. बाहेर रणरणते ऊन असतानाही आतल्या दगडाला हात लावला की गारवा जाणवतो. दारापाशी एक लेख आर्मेनियन लिपीत आणि एक फारसीत आहे, म्हणजे ज्यांची सोय करायची ते कोण आहेत याचे भान बांधणाऱ्याला होते. त्या काळी इथे इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल घराण्यातील इलखान (राजा) अबू सईदची सत्ता होती. आर्मेनियन लेखात चेसार आपल्या आईवडिलांची, भावांची आणि पत्नीची नावे देतो, हे घर सर्वांच्या आत्म्याच्या कल्याणासाठी बांधल्याचे सांगतो आणि इथून जाणाऱ्यांनी आपली आठवण ठेवावी अशी विनंती करतो. धर्मशाळा बांधून पुण्य जोडण्याची आपल्याकडची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला हा लेख समजावून सांगावा लागत नाही.

घरगुती पाहुणचाराचा पाया मात्र लवाश या भाकरीत आहे. ‘अघ ऊ हात्स’, म्हणजे मीठ आणि भाकरी, हाच तिथे आदरातिथ्याचा पर्यायी शब्द आहे. लवाश एकट्या बाईचे काम नव्हे. एक जण पीठ मळते, दुसरी गोळे लाटते, तिसरी ती पातळ पोळी हातांवर झुलवत ताणते, गवत भरलेल्या लांबट उशीवर पसरते आणि जमिनीत पुरलेल्या ‘तोनीर’ नावाच्या मातीच्या भट्टीच्या तापलेल्या भिंतीवर एका झटक्यात थापते. मिनिटभरात फोड येतात आणि भाकरी आकड्याने बाहेर काढली जाते. सुकवून ठेवलेली लवाश सहा महिन्यांपर्यंत टिकते. खाण्याआधी पाणी शिंपडून कापडात गुंडाळली की ती पुन्हा मऊ होते. हिवाळ्यात कोणत्याही रात्री दार वाजले तरी घरात भाकरी आहे, ही निश्चिंती या साठवणीतून येत असे. युनेस्कोने 2014 मध्ये लवाशला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपण गावातल्या चुली मोजतो, तसे आर्मेनियन लोक पूर्वी घरे मोजताना ‘धूर’ मोजत, आणि छतातल्या ज्या भोकातून तो धूर निघे त्याला ‘येर्दिक’ म्हणत. झेनोफोनने पाहिलेल्या विहिरीसारख्या तोंडाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह आवरत नाही.

या इतिहासाची दुसरी बाजू अशी की यजमान म्हणून नावाजलेले हे लोक शतकानुशतके दुसऱ्यांच्या दारी पाहुणे म्हणून राहिले आहेत. इराणच्या शाह अब्बासने 1604-05 मध्ये अरास नदीकाठचे जुल्फा शहर रिकामे करून तिथल्या आर्मेनियनांना इस्फहानला नेले, आणि तिथून त्यांचे व्यापारी सुरत, आग्रा, मद्रास, कलकत्ता इथवर पसरले. जुल्फाचा होव्हान्नेस हा व्यापारी 1680 च्या दशकात सुरतेपासून ल्हासापर्यंत फिरला आणि त्याने आपल्या हिशेबाची वही लिहून ठेवली. ईस्ट इंडिया कंपनीने 1688 मध्ये आर्मेनियनांशी केलेल्या करारात, जिथे चाळीस किंवा अधिक आर्मेनियन वस्ती करतील तिथे चर्चसाठी जागा देण्याचे मान्य केले होते. मुंबईच्या फोर्ट भागातील मेडोज स्ट्रीटवर 1796 मध्ये उभे राहिलेले आर्मेनियन चर्च ही या पाहुण्यांची आपल्याकडची खूण आहे.

1915 मध्ये ऑटोमन तुर्की साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या नरसंहाराने हे विखुरणे भीषण रीतीने वाढवले. त्या साम्राज्यातील, भूमध्य समुद्राकाठच्या मुसा डोंगरावरील गावकऱ्यांनी तेव्हा हद्दपारीचा हुकूम नाकारून डोंगरावर आश्रय घेतला आणि फ्रेंच जहाजांनी चार हजारांहून अधिक लोकांना इजिप्तमधील पोर्ट सईदला नेईपर्यंत प्रतिकार केला. त्याच्या स्मरणार्थ एचमियाझिनजवळच्या मुसालेर गावात दर सप्टेंबरमध्ये रात्रभर मोठमोठ्या कढयांत गहू आणि मांस एकत्र शिजवून हरिसा करतात आणि सकाळी येईल त्याला वाढतात. तिथे कोणी कोणाला कुठून आलात असे विचारून वाडगा देत नाही. पुढे 1946 ते 1948 या काळात सीरिया, लेबनॉन व इतर देशांतून सुमारे नव्वद हजार आर्मेनियन सोव्हिएत आर्मेनियात परतले आणि त्यांच्यासोबत लहान दांडीच्या भांड्यातली कॉफी, बस्तुरमा (मसाला लावून सुकवलेले मांस) आणि लहमाजो (खिमा पसरून भाजलेली पातळ भाकरी) हेही राजधानी येरेवानमध्ये रुजले. आज ‘अस्सल स्थानिक’ म्हणून प्रवाशाला सुचवले जाणारे बरेचसे पदार्थ असे बाहेरून आलेले आहेत.

डिसेंबर 1988 च्या भूकंपात सुमारे पंचवीस हजार माणसे गेली, त्यानंतर मेत्सामोरचा अणुवीज प्रकल्प बंद झाला, आणि सोव्हिएत संघापासून मिळालेल्या स्वातंत्र्याबरोबर शेजारच्या अझरबैजानशी युद्ध व सीमाबंदी आली. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात येरेवानमध्ये दिवसाला तास-दोन तास वीज मिळे आणि शेजारी एका शेगडीभोवती जमत. आजच्या घरगुती पाहुणचारात त्या दिवसांची शिस्त आहे, असे मला वाटते. दिलिजान, गोरिस, ताथेव परिसरातल्या घरांतून प्रवाशांना खोल्या मिळतात, पण त्याहून मोलाची असते ती पुढच्या गावची शिफारस. ‘तिथे आमच्या आतेभावाला भेटा’ असे सांगून यजमान स्वतःच फोन लावतो. जेवणात ‘तमादा’, म्हणजे शुभेच्छांचे चषक उचलण्याची सूत्रे सांभाळणारा, एकेक चषक उचलतो, त्यांत आईवडिलांसाठी, दिवंगतांसाठी आणि पाहुण्यासाठी बोलतो. पाहुण्यानेही दोन शब्द बोलावेत अशी अपेक्षा असते. फुले न्यायची तर विषम संख्येत न्यावीत, कारण सम संख्या अंत्यविधीसाठी असते. म्हातारी बाई निरोप देताना ‘त्सावत तानेम’ म्हणते, म्हणजे तुझे दुखणे मी घेते. आपल्याकडे आजी कानशिलावर बोटे मोडून अलाबला घेते, तोच भाव.

सप्टेंबर 2023 मध्ये अझरबैजानने ताबा घेतल्यावर नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशातून एका आठवड्यात एक लाखाहून अधिक आर्मेनियन घरदार सोडून आले, तेव्हा त्यांना लागलेले पहिले मोठे गाव गोरिस होते. पर्यटकांसाठी सजवलेल्या तिथल्या खोल्या आणि हॉटेले त्यांच्यासाठी उघडली गेली. त्या बायका सोबत आपली झेंग्यालोव्ह हात्स घेऊन आल्या, म्हणजे बारीक चिरलेल्या रानभाज्या भरून तव्यावर भाजलेली चपटी भाकरी. येरेवानमध्ये काय खावे असे विचारल्यावर आता पुष्कळ जण प्रवाशाला हीच भाकरी सुचवतात.