डायनासोरच्या शेणात सापडलं गवत

डायनासोर म्हटलं की पोरांना लगेच टी-रेक्स आणि अमेरिका आठवते, पण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं छोटं गाव आहे आणि तिथं डायनासोरची हाडं तर निघालीच पण त्यांचं शेणसुद्धा सापडलंय, हे किती जणांना माहितीये? शेण म्हणजे अर्थात आता दगड झालेलं, कोप्रोलाइट म्हणतात त्याला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते पण दगडांचं भारी वेड, त्यांनी १९व्या शतकातच या भागात फिरून जीवाश्म गोळा केले होते.

शेणात काय बघायचं असं वाटेल. पण हाडावरून प्राणी केवढा होता ते कळतं, तो खात काय होता हे सांगायला शेणासारखा साक्षीदार नाही.

गवत वाढताना मुळातून पाण्याबरोबर सिलिका ओढून घेतं, म्हणजे वाळूत आणि काचेत असतं तेच, आणि पेशींमध्ये त्याचे डोळ्याला न दिसणारे खडे तयार होतात, त्यांना फायटोलिथ म्हणतात. उसाच्या पाचटाने किंवा भाताच्या पातीने हाताला चरे पडतात ना, त्यात या सिलिकाचा मोठा वाटा. पान कुजतं पण हे खडे कुजत नाहीत, आणि वनस्पतींच्या वेगवेगळ्या गटांत खड्यांची घडण वेगळी असते, त्यामुळे खडा बघून बऱ्याचदा वनस्पतीचा गट ओळखता येतो. जीवाश्मांचे अभ्यासक वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या शेणातले असे खडे मायक्रोस्कोपखाली तपासले आणि २००५ मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं की यात निदान पाच प्रकारचं गवत आहे, त्यात चक्क भात आणि बांबूचे नातेवाईक!

तोपर्यंत जवळपास सगळे धरून चालले होते की गवत पसरलं ते डायनासोर गेल्यानंतर. म्हणून तर जुन्या चित्रांमध्ये त्यांच्या पायाखाली नेचे दिसतात, गवत नाही. नुसतं गवत खायचे असंही नाही हां, त्याच शेणात ताडाच्या जातीच्या आणि सूचिपर्णी झाडांच्याही खुणा आहेत, म्हणजे तोंडासमोर येईल ते ओरबाडायचं असा कारभार असणार.

हे शेण बहुधा टायटॅनोसॉरचं, लांब मानेचे ते महाकाय शाकाहारी. या अख्ख्या गटाचं नावच आपल्याकडून गेलंय. ठगांचा बंदोबस्त करणारा तो इंग्रज अधिकारी स्लीमन, त्याला १८२८ मध्ये जबलपूरला शेपटीचे मणके मिळाले, १८७७ मध्ये लायडेकर या जीवाश्मतज्ज्ञाने त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस नाव दिलं. पुढे ते मणके हरवले, कुठं गेले कोणालाच पत्ता नाही, आणि शेवटी २०१२ मध्ये कोलकात्यात त्यातला एक पुन्हा हाती लागला. मला तर ही बातमी वाचून इतकं बरं वाटलं होतं!

एवढ्या अजस्र प्राण्यांची अंडी मात्र साधारण नारळाएवढी. गुजरातमध्ये ढोली डुंगरी इथं भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात एक घरटं मिळालं, अंडी आणि पिल्लाची हाडं. सगळी हाडं पिल्लाचीच असं वाटत होतं, २००१ मध्ये अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ जेफ विल्सन यांनी बघितलं तर त्यात सापाचे मणके! साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून बसलेला आणि शेजारी अर्ध्या मीटरचं नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू, आणि तेवढ्यात बहुतेक पावसात वरून चिखल-वाळूचा लोंढा आला असावा कारण तिघंही होते तसेच गाडले गेले, ६.७ कोटी वर्षांपूर्वी. साप, अंडं आणि पिल्लू, अजून त्याच दगडात आहेत.