उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं?

मडगावच्या किंवा म्हापशाच्या एखाद्या बारावीच्या वर्गात हा प्रश्न टाकून बघा. कुणी हवा म्हणेल, कुणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन. 1983 मध्ये न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात मुलांनी नेमकी अशीच उत्तरं दिली होती. खरं उत्तर वाफ, म्हणजे पाणीच. समीकरणं बिनचूक सोडवणारी मुलंही इथं अडखळतात. ती का अडखळतात, हाही विद्यापीठीय संशोधनाचा विषय आहे.

ग्लासगो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स जॉन्स्टन यांनी त्याचं कारण छान मांडलं. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालतं: डोळ्यांना दिसणारं, न दिसणाऱ्या रेणूंचं आणि चिन्हांचं. शिक्षक तिन्हींमध्ये सराईतपणे उड्या मारतो. मुलाला मात्र एकाच वेळी तिन्ही पेलावं लागतं.

आमसुलाच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फेस येतो, लाल रंग उतरतो, पाणी जांभळट-करडं होतं. ही झाली पहिली पातळी. फेस कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि सोड्याचं समीकरण मुलांना पाठ असतं. पण लाल रंग गेला कुठं? तो कुठंच जात नाही. कोकमातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याच्या रेणूवरचा हायड्रोजन आयन निघतो, रेणूची रचना बदलते आणि तो वेगळा प्रकाश शोषू लागतो. ही मधली पातळी फळ्यावर क्वचितच येते.

शिकवणं आणि संशोधन यांची सोयरीक तशी जुनी. 1824 मध्ये अवघ्या एकविसाव्या वर्षी रसायनशास्त्रज्ञ लीबिग जर्मनीतल्या गीसेनला प्राध्यापक झाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांनाच प्रयोगशाळेत कामाला लावलं. पुढं 1831 मध्ये त्यांनी पाच फुग्यांची काचनळी बनवली. पदार्थ जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यातलं पोटॅशचं द्रावण शोषून घेई. नळीचं वजन किती वाढलं, त्यावरून कार्बन कळे. विश्लेषण इतकं सोपं झालं, की शिकाऊ पोरांच्या हातूनही संशोधनाचे आकडे निघू लागले.

गोव्यात 1842 पासून वैद्यकीय शाळा होती, पण विज्ञानाची पदवी महाविद्यालयं मुक्तीनंतरच आली. पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनासाठी पणजीत मुंबई विद्यापीठाचं केंद्र होतं. 1985 मध्ये गोवा विद्यापीठ झालं आणि ताळगावच्या पठारावर वसलं. जवळच दोनापावलला 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. समुद्री स्पंज आणि शेवाळातली रसायनं वेगळी करण्याचं काम तिथं झालं आहे.

रेणू शोधणाऱ्याला आपल्याकडं मान मिळतो. तोच रेणू मुलाच्या डोक्यात का शिरत नाही हे शोधणाऱ्याला ‘बीएडवाला’ म्हणून बाजूला बसवतात. मला हे अजिबात पटत नाही. दुसरं काम पहिल्याइतकंच काटेकोर असतं. आधी प्रश्न तयार करायचे, मुलांना रेणूंची चित्रं काढायला लावायची, चुकांचे प्रकार पाडायचे, शिकवण्याची पद्धत बदलायची आणि पुन्हा तपासायचं. आमसुलाच्या त्या प्रयोगावर एमएडचा एक चांगला प्रबंध सहज उभा राहील. मार्गदर्शक मात्र दोन हवेत, एक शिक्षणशास्त्राचा आणि एक रसायनशास्त्राचा.