ब्लॉक बोअर करणं वेगळं, बिग बोअर किट वेगळं

पावसाळा लागला की नागाव-काशीदच्या किनाऱ्यावरच्या एटीव्ही (पर्यटकांना वाळूत फिरवणाऱ्या चार जाड चाकांच्या गाड्या) ताडपत्रीखाली जातात आणि त्यांची इंजिनं खाली उतरतात. हंगामभर वाळू खाल्लेली ही इंजिनं निळा धूर सोडत असतात, भुसभुशीत वाळूत दोन माणसं घेतली की दम टाकतात. मालकाला वाटतं, इंजिन उघडतोयच तर मोठा पिस्टन टाकू, गाडी जोरात तरी पळेल. ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा ठोकळा, लेथवर जातो, मोठा पिस्टन येतो, इंजिन बांधलं जातं. धूर थांबतो, पण ताकद नवी असताना होती तेवढीच. मग मिस्त्रीशी वाद. वास्तविक मिस्त्रीने काही चुकवलेलं नसतं. मालकाला हवा होता बिग बोअर, आणि आला होता ओव्हरसाइज.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हीत पिस्टन मूळ मापापेक्षा मोठा, दोन्हीत सिलिंडर कापून घ्यावा लागू शकतो, आणि दुकानदार दोन्ही खोके ‘किट’ म्हणूनच पुढे सरकवतो.

ओव्हरसाइजचं काम झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल करण्याचं. पिस्टन खाली येताना भिंतीच्या एका अंगाला रेलतो, त्यामुळे झीज चहूकडून सारखी होत नाही आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, किंचित अंडाकृती होतो. पिस्टनवरची सगळ्यात वरची रिंग जिथून मागे फिरते तिथे उष्णता जास्त आणि तेल कमी, म्हणून सगळ्यात जास्त खड्डा तिथेच पडतो. त्यात आपल्या किनाऱ्यावरची वाळू. तिच्यातला क्वार्ट्झ लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) बिडापेक्षा कितीतरी कठीण. एअर फिल्टरच्या कडेने थोडी जरी आत गेली तरी ती तेलात मिसळून घासायची पेस्ट बनते. अशा बोअरला नुसत्या नव्या रिंगा टाकून उपयोग नसतो, कारण गोल रिंग अंडाकृती भोकात बसणार कशी? म्हणून जरुरीपुरतंच कापायचं आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा पायऱ्या असतात.

यातून ताकद किती वाढते ते गणितानेच कळतं. ११० म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच चिनी इंजिनांचा बोअर ५२.४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५ मिमी असतो, म्हणजे सुमारे १०६.७ सीसी. ०.५० ओव्हरसाइज केल्यावर होतात १०८.८. दोन सीसी! गाडीला बरं वाटतं ते गेलेलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) परत आल्यामुळे.

बिग बोअर किटचा हेतूच सीसी वाढवण्याचा. यामाहाच्या रॅप्टर ७०० चा मूळ बोअर १०२ मिमी, स्ट्रोक ८४, क्षमता ६८६ सीसी. तिच्यासाठी १०५.५ मिमीचे किट मिळतात, त्याने इंजिन ७३४ सीसीचं होतं. ही वाढ सात टक्के. लोक बोलतात त्यावरून दुप्पट वाटावी. पण या सात टक्क्यांपायी बाकीचं बरंच हलतं. ज्वलनकक्ष तेवढाच ठेवून सिलिंडर मोठा केला की कॉम्प्रेशन रेशो आपोआप चढतो. मूळ ९ असेल तर साडेनऊच्या थोडा वर जातो. किटमधला पिस्टन वरून फुगीर असेल तर आणखी. मग साध्या पेट्रोलवर इंजिन नॉक करायला, म्हणजे आतून ठोके द्यायला लागतं. हेड गॅस्केट मोठ्या मापाचं लागतं, नाहीतर जुन्याची कड ज्वालेत लोंबते आणि जळते. कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) बदलून बघावा लागतो, इंजेक्शन असेल तर इंधनाचं मॅपिंग. हे टाळलं तर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि नवाकोरा पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. क्रँकच्या बेअरिंगवर येणारा दाबही पिस्टनच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढतो. ओव्हरसाइजमध्ये यातलं जवळपास काहीच करावं लागत नाही.

सगळ्यात मोठा फरक पुढच्या वेळी जाणवतो. आज ०.२५ केलं तर उद्यासाठी लायनरमध्ये अजून मांस शिल्लक असतं. बिग बोअर ते बहुतेक एकदमच खाऊन टाकतो. काही किटांत तर जाड लायनर बसवायला क्रँककेसचं (इंजिनाच्या खालच्या खोक्याचं) तोंडही कापावं लागतं. पुन्हा झिजला की नवा लायनर किंवा नवा सिलिंडर, आणि त्या मापाचा पिस्टन अलिबागच्या दुकानात उभ्या उभ्या मिळेल ही आशा सोडा.

कापायच्या आधी बोअरला चुंबक लावून पाहा. बिडाचा लायनर असेल तर तो घट्ट चिकटतो. तसा चिकटला नाही तर सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आत कठीण प्लेटिंग (मुलामा) केलेला असणार. रॅप्टरसारख्या मोठ्या एटीव्हींत हाच प्रकार. तो नेहमीच्या पद्धतीने बोअर करून तसाच वापरता येत नाही. पुन्हा प्लेटिंग करायचं किंवा लायनर ठोकायचा.

माझं मत विचाराल तर भाड्याने फिरणाऱ्या गाडीत बिग बोअर म्हणजे पैसे समुद्रात टाकणं. ती एप्रिलच्या उन्हात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत असते, एअर-कूल्ड इंजिनाला वारा मिळत नाही, आणि आपण आत आणखी उष्णता पेटवायची! वाळूत गाडी ओढत नसेल तर चेनच्या गाडीला पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान करून बघा. टॉप स्पीड थोडा जातो, तो किनाऱ्यावर हवाय कुणाला? स्वतःच्या रानात हौसेने किंवा शर्यतीत चालवणाऱ्याने बिग बोअर जरूर करावा, पण जेटिंग जाणणारा मिस्त्री आधी शोधून.

आणि निळा धूर म्हणजे बोअरच गेला असं धरून ब्लॉक लेथवर पाठवू नका. कॉम्प्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा-बोअर दोषी, जागचा हलला नाही तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. आणि पहिल्यापासूनच कॉम्प्रेशन ठीक असेल तर धूर व्हॉल्वच्या सीलमुळेही असू शकतो, ते काम स्वस्तात होतं.

लेथवाल्याकडे जाताना काम कोणतंही असो, पिस्टन सोबत न्या. पिस्टन मोजून मगच बोअर कापायचा. किटमधला पिस्टन फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) असेल तर तो गरम झाल्यावर जास्त फुगतो, त्याला क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) जास्त लागतो; आकडा किटच्या कागदावर असतो, तो लेथवाल्याला दाखवा. होनिंगनंतर (बोअरला दगडाने बारीक रेघा पाडल्यावर) ब्लॉक नुसता पेट्रोलने धुतला तर दगडाची बारीक पूड रेघांत राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. तेल लावलेलं पांढरं फडकं बोअरमधून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत धूत राहायचं. एअरबॉक्सची कड आणि फोम फिल्टर त्याच दिवशी बघून घ्या: फोमला फिल्टर ऑइल, कडेला ग्रीसचा पातळ हात, आणि आतल्या नळीत बोट फिरवल्यावर रेतीचा एक कणही हाताला लागता कामा नये.