घातक पदार्थांची गळती : नियंत्रण व वर्दी

कारखाना, गोदाम किंवा प्रयोगशाळा यांसारख्या आस्थापनेत ज्वालाग्राही, विषारी, दाहक अथवा विक्रियाशील पदार्थ पात्राबाहेर पडल्यास तो थोपविणे, गोळा करणे आणि सक्षम यंत्रणेला त्याची वर्दी देणे. द्रव सांडणे, भुकटी पसरणे व वायू सुटणे हे तिन्ही प्रकार येथे गळती याच संज्ञेत धरले आहेत.

वर्दीच्या सक्तीचा उगम सामान्यतः सेव्हेसो (इटली, १९७६) व भोपाळ (डिसेंबर १९८४) येथील विषारी वायू सुटण्याच्या दुर्घटनांत सांगितला जातो. मात्र पाण्यात तेल सोडले गेल्यास ताबडतोब कळविण्याचे बंधन अमेरिकेच्या १९७० च्या जलगुणवत्ताविषयक कायद्यातच आढळते आणि १९७२ मध्ये त्याची व्याप्ती घातक पदार्थांपर्यंत वाढली. १९८२ चा युरोपीय निदेश, १९८६ चा अमेरिकी कायदा व १९८९ चे भारतीय नियम यांनी प्रामुख्याने भर घातली ती स्थानिक यंत्रणा व शेजारची वस्ती यांना आगाऊ माहिती देण्याची. तेव्हा वर्दीचे मूळ तेलगळतीत आणि लोकांना माहिती देण्याचे मूळ दुर्घटनांत मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

किरकोळ व आणीबाणीची गळती यांतील सीमा केवळ लिटरांवर ठरत नाही. जवळच्या कामगारांना नेहमीच्या साधनांनी, स्वतःला धोका न होता आवरता येते ती किरकोळ. वीस लिटर यंत्रतेल बहुधा या वर्गात पडते. अर्धा लिटर ब्रोमीन (विषारी वाफ देणारा दाहक द्रव) पडत नाही. दुसऱ्या वर्गातील गळतीपासून दूर होणे हेच अप्रशिक्षित कामगाराचे काम.

प्रथम ओरडून सावध करावे, वारा ज्या दिशेकडून येतो त्या बाजूस सरावे आणि ज्वालाग्राही बाष्पाची शक्यता असल्यास ठिणगीची साधने टाळावीत. उत्तर अमेरिकेत प्रचलित मार्गदर्शिकेत तत्काळ मोकळे करायचे अंतर सामान्यतः घनासाठी २५ मी., द्रवासाठी ५० मी. व वायूसाठी १०० मी. दिलेले असते, काही पदार्थांना ते बरेच अधिक लागते. पदार्थ ओळखून त्याच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा सहावा भाग (गळतीवरील उपाय) पाहावा. सुरक्षितपणे जमत असेल तरच व्हॉल्व बंद करावा किंवा ड्रम फिरवून भोक वर आणावे. पुसायला घेण्यापूर्वी गटाराची तोंडे झाकावीत. हा क्रम उलटला की खोलीतील गळती नाल्यात पोचते. शोषक कडेने टाकत मध्याकडे यावे.

शोषकाची निवड चुकली तर मूळ गळतीपेक्षा मोठा धोका उद्भवतो. नायट्रिक अम्लावर लाकडाचा भुसा टाकल्यास तो पेटू शकतो व नायट्रोजनाची विषारी ऑक्साइडे निघतात. हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल वाळू, माती व व्हर्मिक्युलाइट (शोषक म्हणून वापरले जाणारे खनिज) यांतील सिलिकेशी विक्रिया करून सिलिकॉन टेट्राफ्ल्युओराइड हा विषारी वायू देते. तेथे कॅल्शियमयुक्त द्रव्य हवे. पारा साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, कारण त्याची वाफ खोलीभर फेकली जाते.

अम्ल आधी उदासीन करावे (सोड्यासारख्या पदार्थाने त्याची अम्लता घालवावी) की आधी शोषून घ्यावे, याबाबत मतभेद आहेत. विरल अम्लासाठी पहिला मार्ग सोपा. तीव्र अम्लाबाबत दुसऱ्याकडे कल असणे योग्य वाटते. ९८ टक्के सल्फ्यूरिक अम्लाच्या एका लिटरला सु. ३.१ किग्रॅ. खाण्याचा सोडा लागतो आणि सु. ८८० लि. कार्बन डाय-ऑक्साइड निघतो; बंद खोलीत ही मात्रा क्षुल्लक नव्हे. शिवाय उष्णतेने अम्ल उडते. किलोभर सोडा ठेवलेली पेटी अशा वेळी अपुरी पडते. फसफस थांबली तरी थराखाली अम्ल उरू शकते, म्हणून पीएच पट्टीने (अम्लता दाखविणाऱ्या कागदाने) तपासावे. भिजलेले शोषक मूळ पदार्थाइतकेच घातक मानावे; वायू निघत असताना पिंप हवाबंद केल्यास ते फुगते.

वर्दीत पदार्थाचे नाव, अंदाजे मात्रा, वेळ, तो हवेत, पाण्यात की जमिनीत गेला, जखमी व केलेले उपाय द्यावे लागतात. अमेरिकेत २४ तासांत पर्यावरणात गेलेली मात्रा उंबरठ्याशी (वर्दी सक्तीची होते त्या किमान मात्रेशी) ताडतात : क्लोरीन १० पौंड (सु. ४.५ किग्रॅ.), सल्फ्यूरिक अम्ल १,००० पौंड (सु. ४५४ किग्रॅ.). ३० टक्क्यांचे १,००० किग्रॅ. अम्लद्रावण सांडल्यास ३०० किग्रॅ. धरतात, प्रमाण ठाऊक नसेल तर सारे द्रावणच मोजावे लागते. तेथे उंबरठा ओलांडल्याचे कळताच फोन करायचा असतो. भारतीय नियमांत मोठ्या अपघाताची माहिती ४८ तासांत द्यावयाची असते.

अंदाजासाठी टाकीच्या पातळीतील घट सर्वांत भरवशाची. ती नसेल तर थारोळ्याचे क्षेत्रफळ व खोली मोजावी, १ मिमी. जाडीच्या थरात दर चौ. मी.ला एक लिटर असतो. जमिनीत किंवा पाण्यात गेलेल्यातून नंतर परत गोळा केलेला पदार्थ एकूण मात्रेतून वजा करणे ही नेहमीची चूक होय.