प्रक्षेपण परवाना : बदल, स्थगिती व रद्द करण्याचे अधिकार

खासगी कंपनीला रॉकेट सोडण्यासाठी दिलेल्या परवान्याच्या अटी बदलण्याचा, परवाना तात्पुरता थांबवण्याचा किंवा कायमचा काढून घेण्याचा सरकारचा अधिकार. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अमेरिकेतील व्यवस्थेचा विचार केला आहे.

या अधिकाराचे मूळ १९६७च्या बाह्य अंतराळ करारात आहे. कराराच्या सहाव्या कलमानुसार, देशातील खासगी संस्थेने अंतराळात जे केले त्याची जबाबदारी त्या देशावर येते आणि सरकारने अशा कामाला नुसती परवानगी देऊन न थांबता त्यावर सतत देखरेख ठेवायची असते. १९७२च्या करारानुसार रॉकेटचे अवशेष परक्या भूमीवर पडून नुकसान झाल्यास भरपाईही देशालाच द्यावी लागते. एकदा दिलेला परवाना सरकारच्या हाताबाहेर जाऊ दिला जात नाही, तो यामुळे.

ह्यूस्टनच्या एका कंपनीने १९८२ मध्ये टेक्सासच्या मॅटागोर्डा बेटावरून ‘कोनेस्टोगा’ हे खासगी रॉकेट सोडले, तेव्हा परवानगीसाठी तिला अनेक सरकारी खात्यांचे उंबरठे झिजवावे लागले. १९८४च्या व्यावसायिक अंतराळ प्रक्षेपण कायद्याने हे काम वाहतूक खात्याकडे एकवटले. १९९५ पासून ते फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए ही अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था, पाहते.

परवान्यात बदल कंपनीच्या अर्जावरून होतो, तसा एफएए स्वतःहूनही करू शकते. स्थगिती किंवा रद्द करण्याला मात्र कारण लागते : कंपनीने कायद्याचे वा अटींचे पालन केलेले नसणे, किंवा लोकांची सुरक्षितता, मालमत्ता, राष्ट्रीय सुरक्षा वा परराष्ट्र धोरण यांच्या रक्षणासाठी तसे करणे भाग असणे. याखेरीज धोका दिसल्यास प्रक्षेपण तत्काळ रोखणारा आणीबाणीचा आदेश काढता येतो. कंपनीला सुनावणीचा आणि पुढे न्यायालयात दाद मागण्याचा हक्क आहे. पण आदेश सहसा लगेच लागू होतो आणि दाद मागितली तरी निर्णय होईपर्यंत कायम राहतो. ही तरतूद कठोर असली तरी योग्यच आहे, कारण सुटलेले रॉकेट निकाल लागेपर्यंत हवेत अडवून ठेवता येत नाही.

व्यवहारात परवाना रद्द करण्यापेक्षा ‘दुरुस्ती करा, मगच उडवा’ हा मार्ग जास्त वापरला जातो. २० एप्रिल २०२३ रोजी टेक्सासमधील बोका चिका येथून स्पेसएक्स या खासगी कंपनीचे स्टारशिप हे महाकाय रॉकेट पहिल्यांदा पूर्ण रूपात उडाले. इंजिनांच्या झोताने तळाचे काँक्रीट उखडले, तुकडे दूरवर फेकले गेले आणि काही किलोमीटरवरच्या पोर्ट इझाबेल गावात घरांवर, गाड्यांवर बारीक वाळूचा थर बसला. भरकटलेले रॉकेट हवेतच फोडून नष्ट करण्याची यंत्रणा सुरू झाली, तरी ते प्रत्यक्ष फुटायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. सुरक्षिततेच्या दृष्टीने खरी भीती या उशिराची होती. चौकशीअंती ६३ सुधारणा ठरल्या, परवाना बदलला गेला आणि दुसरे उड्डाण १८ नोव्हेंबरला झाले. परवाना रद्द झाला नाही, पण जवळपास सात महिने रॉकेट जमिनीवरच राहिले.

११ जुलै २०२१च्या उड्डाणात व्हर्जिन गॅलॅक्टिक या अंतराळ पर्यटन कंपनीचे यान १ मिनिट ४१ सेकंद ठरलेल्या हवाई हद्दीबाहेर गेले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला एफएएने पुढची उड्डाणे थांबवली आणि कंपनीने सुधारणा केल्यावर त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा मोकळीक दिली. दंड हे आणखी एक हत्यार आहे : २०२३ मधील दोन प्रक्षेपणांत अटी मोडल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०२४ मध्ये स्पेसएक्सला ६,३३,००९ डॉलर दंड प्रस्तावित झाला.

कंपनीची काही चूक नसतानाही बंधन येऊ शकते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत सरकारी खर्चाला मंजुरी न मिळाल्याने कामकाज ठप्प होते आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची चणचण होती. तेव्हा आणीबाणीच्या आदेशाने व्यावसायिक प्रक्षेपणे काही दिवस रात्री १० ते सकाळी ६ या वेळेपुरती मर्यादित केली गेली.

भारतात खासगी प्रक्षेपणाला इन-स्पेस ही सरकारी संस्था मान्यता देते. स्कायरूट या खासगी कंपनीचे ‘विक्रम-एस’ रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून अशाच मान्यतेने उडाले. ही व्यवस्था २०२३च्या अंतराळ धोरणावर आणि २०२४च्या कार्यपद्धतीवर उभी आहे. त्यामागे संसदेने केलेला स्वतंत्र अंतराळ कायदा नाही.